जागा नाय

घरी स्पीकर बनवणाऱ्याला खर्जाचं वेड असतं, आणि मलाही ते आहे. वरचे सूर कुठलाही फुटकळ स्पीकर काढतो. पोटात जाऊन बसणारा खालचा आवाज काढायचा तर मोठा पडदा लागतो, मोठं खोकं लागतं आणि बायकोची परवानगी लागते. जव्हारच्या भाड्याच्या दोन खोल्यांत यातलं काहीच सहज मिळत नाही. म्हणून लहानातल्या लहान वस्तूतून खर्ज कसा काढावा हे शोधत बसणं, हा माझा कचेरी सुटल्यानंतरचा उद्योग. आमच्याकडे लग्नात डीजेच्या भिंती उभ्या राहतात. तो खर्ज नव्हे, मारहाण आहे, असं मी लोकांना ऐकवतो. त्यामुळे लग्नात माझ्या शेजारची खुर्ची सहसा रिकामीच असते.

माझा बा आजारी पडेपर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता.

बा आमच्या गावचा, पोशेऱ्याचा थाळकर. म्हणजे शेतीच करायचा, नागली, वरई, थोडा भात. पण लोक ओळखायचे थाळीमुळे. काशाची थाळी मांडीपुढे चुंबळीवर ठेवायची. तिच्या मधोमध मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि दोन्ही हातांच्या चिमटीने ती वरून खाली आळीपाळीने ओढत राहायची. काडीची थरथर थाळीत उतरते आणि थाळी गुणगुणायला लागते. त्या गुणगुणण्यावर थाळकर कथा गातो. कोणी मेलं की पीक घरात आल्यावर त्याचा दिवस घालतात. त्या दिवशी थाळकर मेलेल्याला वाटेला लावणारी कथा गातो. ती गायल्याशिवाय माणूस पोचत नाही, मधेच कुठेतरी उभा राहतो, असं आमच्याकडे मानतात. कचेरीत मी असलं काही मानत नाही. पोशेऱ्याला गेलो की मानतो.

थाळीशेजारी हुंकार देणारा एक माणूस लागतो. थाळकर एक कडवं गातो, थाळी थांबवतो, तो माणूस ‘हं’ म्हणतो, मग पुढचं कडवं. बाच्या थाळीला जन्मभर हुंकार दिला तो मोठ्या बाने, म्हणजे बाच्या थोरल्या भावाने. दोघांचं एरवी फारसं पटायचं नाही. बांधावरून, बैलांवरून, कोंबड्यांवरूनसुद्धा वाजायचं. पण थाळीला बसले की मोठ्या बाचा हुंकार कधी चुकला नाही.

त्या वर्षी भाताची लावणी चालू असताना बाला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. आम्ही त्याला नाशिकला नेलं. तो तिथल्या खाटेवर असतानाच इकडे मोठा बा तापाने गेला. बाला हे सांगायचं कसं, हा प्रश्न आईने सोडवला. ती खाटेशी बसून नुसती रडली, आणि बाला कळलं.

पुढे व्यायाम करून घ्यायला सोपं पडावं म्हणून बाला मी जव्हारला आणलं. मोजके शब्द त्याच्यापाशी उरले होते, तेही एखाद्या वेळी सापडायचे, एखाद्या वेळी नाही. पाणी मागायचं असलं की ‘बैल’ म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा. डॉक्टर म्हणाले होते की बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं राहतं, गाऊन बघायला सांगा. आम्ही सांगून बघितलं. तो आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघायचा. थाळीशिवाय कोण गातं?

काडी ओढायला दोन हात लागतात. एका हाताने आवाज तुटतो. मी ओढून पाहिली, आईने ओढून पाहिली. माझ्या हाताखाली मेणच निघून आलं. बाने डाव्या हाताने थाळी माझ्यापुढून ओढून घेतली.

तेव्हा मला आठवलं की माझ्याकडे त्याच्या थाळीचं रेकॉर्डिंग आहे. एक नवीन माइक तपासायचा म्हणून बा थाळी जुळवत असताना मी ते केलं होतं. कथा सुरू व्हायच्या आधीचं. थाळी चालू, थांबली, कोणी खाकरलं, कोणी हूं केलं, परत थाळी. मी कॉम्प्युटरवर ते साफ केलं. मधले सगळे थांबे आणि खाकरणी कापून टाकली आणि थाळीचे तुकडे असे जोडले की सांधा कुठे आहे हे माझं मलाही ऐकू येईना. लावून ठेवावं तितका वेळ चालणारी अखंड थाळी तयार झाली. मी स्वतःवर फार खूश होतो.

एका दुपारी ती मी माझ्या घरच्या मोठ्या स्पीकरवर लावली. स्पीकर म्हणजे कमरेएवढं प्लायवुडचं खोकं, त्यात खर्जाचा जुना मोठा वूफर. बा खाटेवर टेकून बसला होता. थाळी सुरू झाली तशी त्याने मान वर केली. थोडा वेळ गेला आणि बा गायला लागला. शब्द सगळे जागच्या जागी होते. पाणी मागता न येणारा माणूस कथेचं अख्खं कडवं गायला. आई हातातलं भांडं तसंच टाकून मोरीकडून धावत आली. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण मला स्वतःला आवरत नव्हतं.

पुढच्या कडव्याला तो अडखळला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळला. मग स्पीकरकडे बोट करून म्हणाला, “जागा... नाय.”

“खरंच की,” आई म्हणाली, “पाय ठेवायला जागा नाय. केवडा पेटारा तो!”

मला ते शंभर टक्के पटलं. मोठ्या बाच्या दिवसाला बा पोशेऱ्याला बसणार, तो भावाच्याच ओटीवर, भावकीच्या दाटीत. त्याच्या मांडीपुढे थाळीएवढीच जागा असणार. तिथे हा पेटारा कुठे ठेवायचा? आणि बा बसणार हे नक्की होतं. मोठ्या बाच्या मुलांनी दिवस ठरवायला विचारलं, तेव्हा बाने छातीवर हात ठेवला. आजूबाजूच्या पाड्यांत दुसरा थाळकर नव्हता. बा गायला नाही तर मोठा बा मधेच कुठेतरी उभा राहणार होता, आणि ते बाला सहन होणारं नव्हतं.

म्हणून मी लहान खर्जाच्या मागे लागलो. आयुष्यभर जे हौसेने केलं त्याला पहिल्यांदा काही अर्थ आला, असं मला वाटलं.

पहिल्यांदा टीव्हीच्या पोटातला लांबुळका स्पीकर आणला. बोटभर रुंद, वीतभर लांब. चपट्या टीव्हीत जागा नसते म्हणून त्याचा पडदा लांबट करतात. कागदावर त्याची कामगिरी बरी होती. मी फोनवरून वरच्या सुरापासून हळूहळू खाली येणारा आवाज सोडला, समोर माइक लावला आणि कॉम्प्युटरवर उमटणारी आवाजाची रेघ बघत बसलो. थाळीचा जिथे खरा गाभा आहे, तिथपर्यंत तो यायचा. पण आवाज वाढवला की कण्हायला लागायचा. त्याच्या पडद्यावर मी नागलीचे दाणे टाकले. खालच्या सुराला दाणे दोन्ही टोकांना जमा व्हायचे, म्हणजे पडदा सरळ न हलता वाकत होता. तरी एका चपट्या डब्यात बसवून मी तो बापुढे ठेवला.

बा गायला, अडखळला, म्हणाला, “जागा नाय.”

मग खिशात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरातला संच. यात एक छोटा जिवंत पडदा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मुके पडदे. मुक्यांना ना चुंबक, ना तार. जिवंत पडद्याने आतली हवा दाबली की ते फुगतात आणि खर्ज देतात. ही युक्ती मला फार आवडते. खोकं लाह्यांच्या डब्याएवढं झालं आणि खर्ज असा की बायकोने आतल्या खोलीत थरथरणारी भांडी धरली. पण एका ठराविक सुराला ते उगाच घुमायचं आणि त्याच्या खाली एकदम गप्प व्हायचं. मुक्या पडद्यांवर थोडं वजन चिकटवून मी त्याला पटवलं. ह्यावेळी बा पास करणार, अशी माझी खात्री होती.

“जागा नाय.”

“अरे बा, हा तर तुझ्या तंबाखूच्या डबीएवढा आहे!” मी ओरडलोच. एवढा लहान तो नव्हता, पण मला राग आला होता.

बाने डावा हात हवेत उचलला, मिटला, उघडला. मला वाटलं, आणखी लहान कर, असं सांगतोय.

दिवाळी झाली. पोशेऱ्याला भाताची झोडणी सुरू झाल्याचे फोन यायला लागले. मोटारीच्या सीटखाली बसतो तसला चपटा वूफर मागवला. तो ताकदीचा होता, पण त्याला इतकी वीज लागायची की बॅटरी तासाभरात बसायची, आणि ओटीवर विजेचा भरवसा नाही. लॅपटॉपमधला नखाएवढा स्पीकर पाहिला. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी रेघा काढायचो आणि बा खाटेवरून बघायचा. तो मला नापास करत होता आणि नापास का, ते सांगता येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून निजायचा. माझ्याच्याने बघवत नव्हतं ते. त्याला मदत करायला बसलेला मीच त्याला रोज छळत होतो.

राहिला होता एकच, आणि तो मी पहिल्याच आठवड्यात बाजूला टाकला होता. त्याला पडदाच नसतो. बाटलीच्या झाकणाएवढी चकती असते. ती जिथे चिकटवाल ती वस्तूच हलवते. टेबलाला लावली की टेबल वाजतं, दाराला लावली की दार. मी ती प्लायवुडच्या तुकड्यावर लावून मोजली होती. खर्ज जवळजवळ नाहीच. माझ्या परीक्षेत तिला सगळ्यांत कमी गुण मिळाले होते.

पण तिला जागा लागत नव्हती, आणि मी आता चिडलो होतो. एका रविवारी सकाळी म्हटलं, घे, आता तरी जागेचं नाव काढू नको. बाची थाळी उपडी केली, चकती मधोमध चिकटवली, थाळी परत चुंबळीवर ठेवली आणि वायर चुंबळीच्या खालून काढली. आवाज लावला.

थाळीच वाजायला लागली. स्पीकरमधून थाळीचा आवाज येणं वेगळं आणि थाळीने स्वतः बोलणं वेगळं. चकतीत खर्ज तसा फार नव्हता, पण त्या काशाला स्वतःचा खर्ज होता. तो मी कधी मोजायला गेलोच नव्हतो, कारण मी खोकीच मोजत होतो.

बा सरळ बसला आणि गायला लागला. कडवं संपलं तसा त्याने डावा तळहात थाळीवर ठेवला.

थाळी गप्प झाली. खाली चकती थरथरत होती, पण तळहाताखाली आवाज दबला. बाने मान डावीकडे वळवली, थोडा थांबला, हात उचलला. थाळी पुन्हा बोलायला लागली आणि तो पुढचं कडवं गायला. कुठेही अडखळला नाही. कडवं संपलं, हात थाळीवर, मान डावीकडे, हात वर. असं चालू राहिलं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “मोठा बसं ना त्या बाजूला.”

मग मला समजलं. जागा म्हणजे खोक्याची जागा नव्हतीच. कडव्यानंतर हुंकाराला सोडतात ती जागा. ती माझ्या अखंड थाळीत नव्हती, कारण ती मीच कापली होती. मी ते मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि इअरफोन लावून ऐकलं. थाळी थांबत होती आणि प्रत्येक थांब्यात कोणीतरी ‘हं’ म्हणत होतं. जुळवणी करताना दोघं भाऊ एकमेकांना हाक दिल्यासारखं करायचे, तू आहेस ना, मी आहे. मोठ्या बाच्या आवाजाचं एवढंच माझ्यापाशी होतं आणि मी ते खरखर म्हणून साफ केलं होतं. मी बराच वेळ इअरफोन काढले नाहीत.

आता माझ्यातला स्पीकरवाला जागा झाला. हे तर सोपं होतं. हुंकार परत आणायचे, थांब्यांच्या जागी बसवायचे, बाला पूर्वीसारखी साथ मिळेल. एका संध्याकाळी बसून मी ते केलं. मोठ्या बाचा ‘हं’ इतका स्वच्छ केला की त्यात त्याचा विडीचा खोकलाही ऐकू यायचा. थाळी चुंबळीवर ठेवली आणि बाला न सांगता लावलं. मला त्याला खूश करायचं होतं.

थाळी वाजली, थांबली, आणि काशातून मोठा बा म्हणाला, “हं.”

बाने थाळी उचलली आणि छातीशी धरली. आवाज त्याच्या सदऱ्यात गुदमरला. मी घाईने फोन बंद केला. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

“नाय,” तो म्हणाला. बऱ्याच वेळाने शब्द सापडले. “त्याला... जाऊ दे.”

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, “त्याला पोचवाया तो थाळीला बसतो, नी तू त्याला मागं बोलावतोस काय?” ते हुंकाराचं रेकॉर्डिंग मी अजून पुसलेलं नाही, पण परत लावलंही नाही.

दिवस घातला तो पोशेऱ्याला, मोठ्या बाच्या ओटीवर, उन्हं खाली आल्यावर. बॅटरी मी गोणपाटाखाली ठेवली. भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी वायर बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, “ही येळ आली काय थाळीवर?” बाने डावा हात वर केला आणि तो म्हातारा मागे सरकून बसला. आजारी असला तरी थाळीला बसलेल्या बाशी कोणी वाद घालत नसे.

बा गायला. उजवा हात मांडीवर पडून होता. गळा पूर्वीचा नव्हता, मधेच फाटायचा, पण शब्द अडले नाहीत. कडवं झालं की तळहात थाळीवर. डावीकडे घोंगडीचा एक कोपरा रिकामा होता. तिथे कोणी बसलं नव्हतं आणि कोणी बसायला सांगितलंही नव्हतं. पहिल्या थांब्याला पोरंबाळं चुळबुळ करत होती. पुढे पुढे सगळी ओटी त्या थांब्यात गप्प राहायला लागली. बा एका हुंकाराएवढा थांबायचा, तो ऐकल्यासारखी मान हलवायचा आणि हात उचलायचा.

कथेत शेवटी वाट संपते आणि माणूस आपल्या माणसांत जाऊन बसतो. ते कडवं झालं. बाने हात थाळीवर ठेवला आणि उचलला नाही. आम्ही थांबलो. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाची बायको, भिंतीला टेकून बसली होती. ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “पोचला.” मी हळूच बॅटरीचा खटका बंद केला. थाळी तशीही गप्पच होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. बाच्या हाताला कळलं. त्याने तळहात उचलून बघितला आणि तो रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही.

लोक जेवायला उठले. मी वायर गुंडाळत होतो. बा तिथेच बसून होता, डोळे पुसत. त्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि शब्द जुळवत जुळवत विचारलं, “माजे दिसाला... कोन बसंल?”

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कोणी नाही. मला थाळी वाजती ठेवता येत होती, पण कथेचं एक कडवं येत नव्हतं.

“बघू,” मी म्हणालो. घरातल्या प्रत्येक अवघड गोष्टीला मी हेच म्हणतो.

“बघू नको,” बा म्हणाला. “बस.”

मी वायर खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसलो. भीती वाटत होती, आपल्याला उशीर झालाय याची. बाने थाळीकडे बोट केलं. मी खटका लावला. तो पहिली ओळ गायला, हात थाळीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबला. मी ती म्हटली. चुकली. त्याने मान हलवली, हात उचलला आणि तीच ओळ पुन्हा गायला.